लंकेतली वर्गणी

सावळीरामभाऊंना कोणी फसवू शकत नाही, असं आमच्या नाशिकच्या कॉलनीत सगळे म्हणत. म्हणजे भाऊ स्वतः म्हणत आणि बाकीचे माना डोलावत. म्हणूनच एकोणऐंशी साली वैशाखी पौर्णिमेसाठी आम्ही श्रीलंकेच्या धम्मयात्रेला निघालो, तेव्हा प्रमुखपद त्यांच्याकडे गेलं. कचेरीत ते कारकून, पण लंकेच्या धक्क्यावर उतरले ते थेट कलेक्टरच्या थाटात.

बस अनुराधपूरच्या वाटेला लागली. एका गावात नारळ-केळ्यांच्या दुकानांपुढे पोरांनी रस्त्यात दोरी आडवी धरलेली, हातात पंचशील झेंडे, नुसता आरडाओरडा. भाऊ ताडकन उठले. "खिडक्या लावा! वर्गणीवाले हायेत!" जयंतीला आमच्या नाक्यावर अशीच दोरी धरण्यात भाऊंची हयात गेलेली, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. ड्रायव्हरला हातवारे करून त्यांनी बस पुढे काढायला लावली.

पुढच्या गावात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. बंद खिडक्यांआड आम्ही उकडून निघालो. घरून आणलेल्या दशम्यांना दमट हवेने बुरशी धरलेली. भाऊंच्या पत्नी भिमाबाई सकाळपासून उपाशी, त्यांना गरगरायला लागलं.

"अहो, देऊन टाका काहीतरी, पण गाडी थांबवा."

"एकाला दिली की समदी गावं मागत्याल," भाऊ म्हणाले. तत्त्वापुढे बायको म्हणजे काय!

शेवटी ड्रायव्हरनेच कंटाळून एका मांडवाशी बस उभी केली. एक म्हातारी दाराशी आली. भाऊ दार अडवून म्हणाले, "आधी पावतीपुस्तक दाखव!" तिने त्यांच्या हातात भाताचं ताट ठेवलं आणि हात जोडले. हिंदी जाणणाऱ्या एका भन्तेंनी उलगडा केला: पौर्णिमेला वाटसरूंना थांबवून जेवू घालायची इथली रीत, आणि तुम्ही तर बुद्धाच्या देशातले. भाऊंचा चेहरा बघून आम्ही पोट धरधरून हसलो.

भिमाबाई जेवल्या. भाऊही दोनदा वाढून घेऊन जेवले. मग उठले, नळापाशी उकिडवे बसून आपलं ताट घासलं आणि बाकीच्या ताटांपासून लांब, मांडवाच्या कडेला नेऊन पालथं घातलं.

आमचं हसू तिथेच विरलं. चांदवडकडच्या आमच्या गावात हॉटेलातली आमची कपबशी वेगळी. आम्हीच ती विसळायची, आम्हीच बाजूला ठेवायची. भाऊंना गाव सोडून किती वर्षं झालेली, पण हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हातारीने ते ताट उचललं, पुसलं, त्यात भात वाढला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला दिलं.

ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, तरी त्या माणसाचं जेवण होईपर्यंत भाऊ जागचे हलले नाहीत.