प्रेताच्या भूमिकेत सासूबाई

माझ्या सासूबाईंचा खून मी दिवसाढवळ्या, कॉलेजच्या परवानगीने आणि त्यांना आधी पोटभर उपमा खायला घालून केला. एवढी सोय फार कमी सुनांना मिळते.

जर्मनीत, डार्मश्टाटजवळच्या एका कॉलेजात मी गुन्ह्याच्या जागेचा तपास शिकवते. आमच्या तळघरात एक खोटं घर मांडलेलं आहे. तिथे सोफा आहे, फुटलेली फुलदाणी आहे आणि मक्याच्या सिरपचं रक्त आहे. मुलं पांढरे झगे घालून आत जातात, फोटो काढतात, नकाशा काढतात आणि काय घडलं ते सांगतात. आमच्या विभागाचे प्रमुख प्राध्यापक लिंडनर यांना हे सगळं नाटक वाटे. स्लाइड्स दाखवा आणि मोकळे व्हा, असं त्यांचं मत. गुरुवारी ते स्वतः बघायला येणार होते. त्यांना पटलं नाही तर कोर्स बंद, आणि कोर्सबरोबर माझं कॉन्ट्रॅक्टही.

गुरुवारी सकाळी आमच्या प्रेताची क्रांकमेल्डुंग, म्हणजे आजारी असल्याची चिठ्ठी, आली. प्रेत होणाऱ्या पोराला ताप होता. या देशात मेलेल्या माणसालाही आजारपणाची रजा मिळते. मी डोक्याला हात लावून बसले, तर समोर सासूबाई.

शैलाबाई म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या नवऱ्याच्या, शार्दूलच्या आई. साताऱ्याच्या पोस्टात त्यांनी आयुष्यभर काउंटर सांभाळला, त्यामुळे रांग मोडणारा माणूस त्यांना कुठल्याही देशात खपत नाही. परवाच बेकरीत एका सहा फुटी जर्मनाला त्यांनी शुद्ध मराठीत मागे पाठवलं, आणि तो निमूट गेला. आमच्याकडे येऊन त्यांना दीड महिना झाला होता आणि त्या कंटाळून गेल्या होत्या.

"नुसतं पडून राहायचं? बोलायचं नाही?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही, आई."

"अवघड आहे. पण जमवते."

शार्दूल ऑफिसला निघताना म्हणाला, "आईला खरंच मारू नकोस म्हणजे झालं." एवढाच त्याचा हातभार.

कॉलेजच्या तळघरात मी त्यांना जमिनीवर निजवलं, कपाळावर जखम रंगवली, डोक्याजवळ रक्त ओतलं. नकाशासाठी उत्तर दिशा दाखवणारा बाण फरशीवर चिकटवला, फोटो काढला आणि लिंडनरना आणायला वर गेले. मी परत येईपर्यंत मुलं आत शिरलेली होती. एकदा तपास सुरू झाला की शिक्षकाने आत पाऊल टाकायचं नाही, हा माझाच नियम. मी लिंडनरांबरोबर बाहेर उभी राहिले आणि आई शिंकू नयेत म्हणून देवाचा धावा करत राहिले.

तासाभराने मुलं बाहेर आली. त्यांची म्होरकी उर्जा, न्युरेम्बर्गला वाढलेली मराठी मुलगी. तिने नकाशा पुढे केला. त्यात प्रेताचं डोकं दक्षिणेला होतं.

"उलटं काढलंयस," मी म्हणाले. "बाण नीट बघ."

"नाइन, नाही. बाण बरोबर आहे," उर्जा म्हणाली. "जखम डोक्याला आहे आणि रक्त पायांशी. बॉडी नंतर फिरवली आहे."

"कोण फिरवणार? मी स्वतः ठेवलंय!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून आमच्या मते संशयित तुम्हीच आहात."

लिंडनरांच्या भुवया वर गेल्या. माझं टाळकं सटकलं. सगळ्यांचे मार्क कापीन म्हणाले आणि माझाच नियम मोडून तावातावाने आत गेले. पाहते तर आई खरंच उलट्या निजलेल्या.

"अहो आई, हे काय?"

उत्तर नाही. कामाला चोख बाई! मी तीनदा हाक मारल्यावर त्यांनी एक डोळा उघडला.

"तू माझे पाय दक्षिणेकडे केलेस. बाण बघितला आणि फिरले."

"अहो, पण तुम्ही मेलेल्या होतात! मेलेल्याला तसंच निजवतात ना?"

त्या उठून बसल्या. "माहीत आहे मला. ह्यांना मीच तसं निजवलं होतं. त्या दिवसापासून माझ्याच्याने तिकडे पाय करून पडवत नाही. नाटकातही नाही."

दारात उभी उर्जा शेजारच्या लिंडनरना हलक्या आवाजात ते जर्मनमध्ये सांगत होती.

"तुझ्या घरीसुद्धा तेच," आई थांबेनात. "रोज रात्री मी उशी पायथ्याशी नेते. रोज सकाळी तू अंथरूण आवरताना ती परत उशाशी ठेवतेस. म्हटलं, इथली पद्धत असेल."

उर्जाने तेही सांगितलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"किती दिवस?" लिंडनरांनी विचारलं.

"दीड महिना," उर्जा म्हणाली.

"आणि यांच्या लक्षात आलं नाही?"

लिंडनरांनी नकाशा पाहिला, फरशीवरचं रक्त पाहिलं, आणि मग शेवटी माझ्याकडे पाहिलं.

"आल्झो," ते म्हणाले, "स्लाइड तुमची पाठ फिरल्यावर कूस बदलत नाही. कोर्स चालू राहील. पण पुढच्या सेमेस्टरला पहिल्या बाकावर तुम्ही बसा."

मुलं हसली. आईंनाही काय झालं ते न कळता हसू आलं. मला रडू आलं, आणि ते कोर्स वाचल्याचं नव्हतं.

संध्याकाळी शार्दूल आणि मी त्यांच्या खोलीतला पलंग फिरवला. आई दारात उभ्या राहून "अजून थोडा इकडे" म्हणत होत्या. आता खोली तापवणारा रेडिएटर झाकला गेलाय आणि कपाटाचं दार अर्धंच उघडतं. उघडू दे.