पहिला हात आबांचा

"बरं झालं आलासा, तात्या. पाहुण्यांची दाढी तेवढी उरकून घ्या की. तासाभरात कार्यक्रम हाय."

डॉक्टरांच्या स्मृतिसभेला आम्ही गेलो होतो. सभागृहाच्या दारातच ट्रस्टचे सेक्रेटरी माझ्या वडिलांना, आबांना, असं म्हणाले. आबांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा. हातात निमंत्रणपत्रिका.

"सामान न्हाय आणलं, सायेब." आबा म्हणाले, माफी मागितल्यासारखं.

आमच्या भागात मेंदूची ऑपरेशनं डॉक्टरांनी सुरू केली. चंदगडहून बेशुद्ध आणलेली माणसं महिन्याभरानं आपल्या पायांनी एसटीत चढायची. हे खरं आहे. मी नाकारत नाही.

पण प्रत्येक डोक्यावर पहिला हात आबांचा. ऑपरेशनआधी वस्तऱ्यानं डोकं साफ करायचं. साधा ओरखडा उठला तरी डॉक्टर ऑपरेशन पुढं ढकलत, जंतू आत जातील म्हणून. बावीस वर्षांत आबांच्या हातून ओरखडा उठला नाही. पेशंट मनगट धरून विचारायचे, "मी उठीन न्हवं?" आबा म्हणायचे, "हलू नका पावणं. केस वाढले की दुकानात या."

हे सगळं मी स्मरणिकेसाठी लिहून दिलं होतं. छापलं नाही.

सेक्रेटरींनी समोरच्या सलूनमधून वस्तरा मागवला. आबांनी हात पुढे केला. तो हात मी धरला.

"न्हाय. यांचं नाव ज्ञानदेव. आज हे पाहुणे हायत."

"रागावतीस कशाला पोरी? त्यांचं कामच हाय की ते."

"मग त्या कामाला वर खुर्ची द्या."

"व्यासपीठ म्हणजे कटिंगचं दुकान हाय व्हय?"

सगळे हसले. आबाही हसले. त्यांचं हसणं मला जास्त जाळून गेलं.

आत काचेच्या पेटीत डॉक्टरांची ऑपरेशनची वही उघडून ठेवली होती. त्यांचं सुंदर अक्षर. भूल देणारे, सिस्टर, सगळ्यांची नावं. शेवटी नुसतं: न्हावी.

आबांनी वाचलं. "देवमाणूस होते," ते हळूच म्हणाले. "नाव विचारायचं ऱ्हायलं असंल."

बावीस वर्षं?

मी आबांना घेऊन बाहेर पडले. पाहुण्यांची दाढी तशीच राहिली.

डॉक्टरांचं चरित्र आता मी लिहिणार. कुणी छापलं नाही तर पत्रकं काढून मंगळवार पेठेत दारोदार वाटीन. डॉक्टरांचा हात किती स्थिर होता, ते लिहीन. त्या हातानं ज्ञानदेव हे नाव एकदाही लिहिलं नाही, तेही लिहीन. त्याच पानावर.