लाम बाईंचा गळा

लाम बाई थंडीत घराबाहेर बोलत नसत. जर्मनीत, श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगच्या दारात मी त्यांना हसून "गुटेन मॉर्गन" म्हटलं, तर नाकापर्यंत गुंडाळलेल्या मफलरवर एक बोट ठेवून त्या सरळ चालू पडल्या. मला राग आला. माझ्या नवऱ्याला, मंदारला म्हटलं, खालच्या मजल्यावरची चिनी म्हातारी भलतीच शिष्ट आहे. संध्याकाळी बेल वाजली. दारात त्याच. जिन्यातल्या उबेत मफलर खाली ओढून म्हणाल्या, "गुटेन मॉर्गन. बाहेर मी तोंड उघडत नाही. गळा सांभाळायचा असतो."

सत्तरीला टेकलेली ही बाई थंड पाणी पीत नसे, तळलेलं खात नसे, आणि रोज सकाळी केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या वॉशिंग मशीनच्या खोलीत, उभ्यानं रियाज करत असे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली तेव्हा त्यांनाच ऐकवलं, "शांततेच्या वेळात, रूहेत्साइटमध्ये, मी गात नाही. हाउसऑर्डनुंगमधले नियम मलाही वाचता येतात."

एकदा कपडे सुकत घालता घालता मी विचारलं, "कार्यक्रम करता का?"

"लग्न होऊन जर्मनीत आले. तेव्हापासून एकही नाही."

"मग इतका गळा जपता तो कुणासाठी?"

"एका बाईसाठी," त्या म्हणाल्या. नातीसाठी स्वेटर विणतेय असं सांगावं, तितक्या साधेपणानं.

ती हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. त्यांचं जर्मन हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, आखूड आणि हुकमी. माझं जर्मन कोर्समधलं, घाबरट. तरी आमचं जमलं. लाम बाई हाँगकाँगच्या. लहानपणीच कँटनीज ऑपेराच्या कंपनीत गेलेल्या. हे म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक, त्यात तलवारबाजी आणि कोलांट्याही. आपल्याकडे पूर्वी पुरुष स्त्रीपार्ट करायचे; त्यांच्याकडे बायका राजपुत्र आणि सेनापती होत. लाम बाई सेनापती, आणि त्यांची नायिका म्हणजे एकाच गुरूकडे शिकलेली यूक-लान. देवळांच्या जत्रांत बांबूचे मांडव पडत, आणि ही जोडी पाहायला माणसं तासन्‌तास उभी राहत.

मग एका मोसमात लाम बाईंना ताप आला, आवाज बसला. डॉक्टरांकडे सोबत यूक-लान गेली होती. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस बोलू नका, होईल बरं. यूक-लाननं कंपनीच्या मालकाला आणि मग इतर कंपन्यांतही जाऊन सांगितलं, आवाज कायमचा गेला. सेनापतीचं काम मालकाच्या पुतण्याला मिळालं आणि पुतण्याशी यूक-लानचं लग्न झालं.

"मी बरी झाले," लाम बाई सांगत. "दुसऱ्या कंपन्यांत जाऊन गायले. सगळे मान हलवायचे, अरेरे म्हणायचे. आवाज गेलाय असं आधी कानात पडलं ना, की गेलेलाच ऐकू येतो."

शेवटी एका आचाऱ्याशी लग्न करून त्या श्टुटगार्टला आल्या आणि उरलेलं आयुष्य भाज्या चिरत राहिल्या. नवरा भला होता. "तो म्हणायचा, विसर आता. मी म्हणायचे, तू कांदा चिर."

मी पुण्याची, समजूत घालायची मला सवय. म्हटलं, इतका राग बाळगून त्रास तुम्हालाच होतो ना? त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत म्हणाल्या, "त्रास? अगं, मी त्याच्यावरच तर जगले. रोज सकाळी उठायला कारण होतं."

दोन हजार पंधराच्या सुमारास एशिया शॉपमध्ये तांदळाची पिशवी उचलताना आम्हाला बातमी कळली. दुकानाचे मालक हेर चान चिनी मंडळाचं काम पाहत. नववर्षाच्या कार्यक्रमाला हाँगकाँगहून मोठी गायिका येणार होती, आणि इथल्या एखाद्या हौशी कलाकाराबरोबर एक प्रवेश करणार होती. त्यांनी नाव सांगितलं. लाम बाईंनी पिशवी परत खाली ठेवली.

"तो हौशी कलाकार मी," त्या म्हणाल्या.

लाम हे त्यांचं लग्नानंतरचं नाव. यूक-लानला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि एवढी मोठी बाई हौशी माणसाबरोबर तालीम करायला थोडीच येणार! कार्यक्रमाच्या दिवशी पोशाख चढवायला त्यांनी मला नेलं. डोक्याची पट्टी मी आवळत होते आणि त्या आरशात बघून म्हणत होत्या, "अजून. डोळे वर चढले पाहिजेत." पांढऱ्या-गुलाबी रंगाखाली त्यांच्या सुरकुत्या बुजल्या. समोर एक तरणाबांड सेनापती बसला होता.

प्रवेश सगळ्यांच्या ओळखीचा होता. युद्धावरून कित्येक वर्षांनी परतलेला नवरा, आणि त्याला न ओळखणारी बायको. मी विंगेत उभी होते, शेजारी हेर चान. लाम बाईंनी पहिला लांब सूर लावला आणि यूक-लानची हवेतली लांब बाही तिथंच थांबली.

त्या नाटकात नवऱ्यानं ओळख पटवायची जागा असते, तिथे नट मनानं ओळी रचून गाऊ शकतो. लाम बाई पुढे झाल्या. हेर चान माझ्या कानात भाषांतर करता करता अडखळले. "म्हणतायत... दारोदार जाऊन तू सांगितलंस, माझा आवाज गेला. मी तो सात समुद्रांपलीकडे जपून ठेवला. आता ऐक."

सभागृहातल्या म्हाताऱ्या माणसांना काय ते उमगलं. आता उत्तर यूक-लाननं द्यायचं होतं. वादकांनी ताल धरून ठेवला. तिनं तोंड उघडलं, आवाज फाटला. पुन्हा उघडलं. अशा वेळी सोबत्यानं एखादी ओळ घालून सावरून घ्यायचं असतं, हा रंगभूमीचा धर्म. लाम बाई तलवारीवर हात ठेवून शांत उभ्या राहिल्या. त्यांनी ती ओळ घातली नाही. यूक-लान पाठ फिरवून विंगेत गेली, तेव्हा कुठे त्यांनी प्रेक्षकांना नमस्कार केला.

नंतर रंगपटात यूक-लान आली. रंग ओघळलेली, थकलेली म्हातारी. तिच्या कंपनीची माणसं भोवती होती, आणि हेर चान माझ्या कानात भाषांतर करत होते. ती म्हणाली, "तुझा आवाज तसाच आहे."

"हे मला माहीत आहे," लाम बाई म्हणाल्या. "यांना सांग."

मग यूक-लान आपल्या माणसांकडे वळली. "हिचा आवाज कधीच गेला नव्हता. मी खोटं बोलले होते." आणि लाम बाईंचा हात धरायला पुढे झाली.

लाम बाईंनी हात मागे घेतला. "झालं. जा आता."

परतताना एस-बानच्या लोकलमध्ये मला राहवेना. "अहो, तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं. माफ केलं असतं तर?"

"कबूल करणं तिचं काम होतं, ते तिनं केलं. माफी माझी आहे. ती मी देणार नाही." आणि मग खुशीत म्हणाल्या, "भूक लागलीय गं मला."

त्यानंतर त्यांच्याकडे शिकायला बायका येऊ लागल्या. केलरमधला आवाज वाढला, आजोबांच्या तक्रारीही वाढल्या. यूक-लान गेल्याची बातमी आली त्या दिवशी मला वाटलं, शिकवणी बंद असेल. ती चालू होती. "बरं गायची," एवढंच म्हणाल्या. "माझ्याइतकं नाही."

पुढे त्या आजारी पडल्या. क्रांकेनहाउसमध्ये, म्हणजे इस्पितळात, मी भेटायला गेले, तेव्हा माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "मी गेल्यावर लोक म्हणतील, शेवटी तिनं माफ केलं. लोकांना तसंच आवडतं. म्हणू देऊ नकोस."

अंत्यविधीला भाषण करायला एक अनोळखी, सज्जन जर्मन गृहस्थ बोलावले होते. मऊ आवाजात ते म्हणाले, की फ्राऊ लाम सर्वांशी समेट करून, मनात कुणाबद्दलही कटुता न ठेवता गेल्या. मंदारनं माझी बाही ओढली, तोवर मी उभी राहिले होते.

"एंटशुल्डिगुंग, माफ करा," मी म्हटलं. "ते खरं नाही. एका बाईला त्यांनी माफ केलं नव्हतं."

ते गृहस्थ हातातल्या कागदाकडे बघत राहिले. मागच्या बाकावरून हेर चान मोठ्यानं म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर."