तुरीचे शेंडे खुडणारे यंत्र कोणाचे?

अमरावतीच्या घरात मी वाचायला शिकले ती बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवर. लहान माणसे घडवतात आणि मोठ्या कंपन्या लुबाडतात, हे मला बाराखडीइतकेच पाठ होते.

मामाचे अकोल्यात वेल्डिंगचे दुकान आहे. तूर गुडघ्याच्या वर आली की तिचे शेंडे खुडतात, म्हणजे फांद्या जास्त फुटतात. हे काम बाया हाताने करत. मामाने लांब दांड्याच्या टोकाला छोटी मोटर आणि गोल पाते बसवले. पाठीवर फवारणीच्या पंपाची बॅटरी. यंत्र गावोगाव चालू लागले आणि दोन हंगामांत एका मोठ्या कंपनीने तसेच बाजारात आणले. मी पेटले. 'शोध आमचा, शिक्का तुमचा' असे पत्रक छापून घेतले. हे मूळ मामाचे आहे, एवढे कंपनीच्या माणसाने कबूल करावे, असे मला वाटत होते.

तिवस्याजवळच्या एका शेतकऱ्याने दोन्ही यंत्रे शेतात बोलावली. "चालवणार बाया, तं बायाच सांगतीन," म्हणाला. कंपनीचा तरुण इंजिनिअर वही घेऊन आला. मामासोबत मी पत्रकांची पिशवी घेऊन गेले.

दोन-दोन ओळी झाल्यावर बायांची मुकादम थांबली. "हे कंपनीचं हलकं हाय," ती इंजिनिअरला म्हणाली, "पण दांडा काय उंटाचं माप घेऊन केला जी? हात खांद्यावर जाते." मग मामाकडे वळली. "आन् भाऊ, तुमचा दांडा बराबर, पण बॅटरी पाठ मोडून राहिली. दोघायचं लगन लावून द्या ना!"

बाया खदखदल्या. मामाने बांधावर बसून पाना काढला आणि कंपनीची मोटर-बॅटरी आपल्या दांड्याला जोडली.

"काका, वॉरंटी जाईल," इंजिनिअर म्हणाला.

"जाऊ द्या. तूर थांबते काय?"

मुकादमबाईने एका दमात ओळ संपवली. इंजिनिअर दांड्याचे माप उतरवू लागला आणि मामा हसत दांडा धरून उभा राहिला. मला राहवले नाही. मी पत्रक काढून इंजिनिअरपुढे धरले. मामाने ते मधेच घेऊन वाचले.

"पोरी, मोटर म्या केली का? बॅटरी म्या केली? पातं परतवाड्याच्या मिस्त्रीनं दाखवलं. त्यानं लपवलं असतं तं?"

"तो मिस्त्री पेटंट घेत नाही, मामा. हे घेतील. उद्या तुझाच दांडा तुला करता येणार नाही."

मामाने इंजिनिअरच्या वहीत डोकावून पाहिले. तिथे 'शेतकऱ्यांची सूचना' एवढेच होते.

"पोरगी बराबर बोलून राहिली, साहेब. दांडा कोणाचा ते लिवा. आन् या बाईचंही लिवा. पहिल्या हंगामात तिनं चार खेपा दांडा आखूड करायले लावला, तवा बसला."

इंजिनिअर ओशाळला. त्याने आधीचे खोडून मामाचे नाव, दुकानाचे नाव लिहिले.

"माह्या नावानं काय तूर वाढते?" मुकादमबाई ओळीतूनच ओरडली. तरी तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने नाव सांगितले, बापाच्या नावासकट. मग यंत्र खाली ठेवले, हात लुगड्याला पुसले आणि वही पाहायला बांधावर आली.