अकरा तांब्यांची गिटार

लग्न जमवताना मुलाचा पगार विचारतात, पत्रिका बघतात, फार तर व्यसन आहे का ते शेजाऱ्याला विचारतात. माझ्या सासऱ्यांनी माझ्या गिटारीत पाणी ओतलं. अकरा तांबे. मी मोजत होतो, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात उरलं नव्हतं.

हे घडलं दांडी गावात, समुद्रापासून चाळीस पावलांवर. पण त्याचं मूळ उमरोळीला आमच्या न्हाणीत आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

बोईसरला तेव्हा कारखाने नव्यानेच उभे राहत होते. मी एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायला होतो. जे काही लोखंडात ओतायचं, ते आधी मी सागात घडवायचं. हात इतका बसला होता की केसाएवढी चूक झाली तर ती मला घरी जेवताना टोचायची. पुढे पुढे मी अर्ध्या केसाएवढी असं सांगायला लागलो. साहेबांनी तेही खरं मानलं.

आमच्यात गोव्याचा एक वेल्डर होता, त्याच्याकडे गिटार होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती बाकावर आडवी पडली होती आणि तिच्यावर मुकादम बसला. मुकादम असा, की वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा पूर्ण फेरी मारून परत शून्यावर यायचा. गिटारीचा चुराडा झाला. वेल्डरचं तोंड बघवेना. मी म्हणालो, "दे इकडे, नवी करून देतो." आयुष्यात मी गिटारीला बोटही लावलं नव्हतं. पण बोलून गेलो, आणि आमच्या घराण्यात बोललेलं परत घेण्याची रीत नाही. घेता येत असतं तर आमच्या आजोबांच्या दोन विहिरी वाचल्या असत्या.

घरामागे पडवी होती. तिच्यात अर्ध्या भागात कोंबड्या राहायच्या, अर्ध्यात मी. मेलेल्या गिटारीचे तुकडे मी कोंबड्यांच्या टोपलीत मांडले आणि एकेक मोजून कागदावर उतरवला. मागची पाठ आणि बाजू केल्या जुन्या शिसवी पलंगाच्या. बाजूच्या पट्ट्या भाकरीपेक्षा पातळ तासायच्या आणि वाकवून त्यांना कंबर आणायची. वाकवायचं कशावर? आमच्या न्हाणीतल्या पाण्याच्या बंबावर. बंबाच्या मधल्या नळीत निखारे भरायचे, ओली पट्टी तापल्या नळीवर दाबायची आणि एखाद्या रुसलेल्या म्हातारीला समजवावं तशी हळूहळू वळवायची. घाई केली की मोडलीच. दोन महिने आमच्याकडे कुणाला कढत पाण्याची आंघोळ मिळाली नाही. आई म्हणायची, "माझी नणंद येऊन गेली, तीसुद्धा गार पाण्याने. गिटारीला मात्र रोज शेक."

पहिली गिटार वेल्डरला दिली. कपाटाचं दार लावल्यासारखी वाजायची, पण त्याने डोळे पुसले. दुसरी जरा बरी झाली. तिसरी वाजवली की कोंबड्या अर्धवट घातलेलं अंडं तसंच ठेवून ऐकायला यायच्या. चौथीची गोष्ट ही.

चौथीला सुधारलं ते एका मुलीने. ती कारखान्याच्या स्टोअरमध्ये होती, दांडीची. परदेशातून यंत्रं यायची ती पाइनच्या खोक्यांत, आणि गिटारीच्या तोंडाला, म्हणजे भोकाच्या बाजूला, त्याहून चांगली फळी आमच्या भागात मिळणं शक्य नव्हतं. मी खोकी चाचपत उभा असायचो. एक दिवस ती आली, बोटाच्या पेराने तीन फळ्या वाजवल्या आणि चौथी काढून दिली. "ही न्या. त्या आतून ओल्या हायेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझे बाबा होड्या बांधतात. आमच्या घरात माणसापेक्षा लाकडाशी जास्ती बोलतात."

त्यानंतर मला दर आठवड्याला एक फळी लागू लागली. गिटारी काही तेवढ्या होत नव्हत्या. पडवीत फळ्यांची रास कोंबड्यांच्या डोक्यावर गेली तेव्हा तीच म्हणाली, "तुमाला नक्की काय पायजे? फळी, का फळी देणारी?"

मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग बाबांना भेटा. पण बोलताना जरा कमी बोला."

नेमकं तेवढंच मला जमत नाही.

तिचे बाबा म्हणजे दांडीपासून वरपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांच्या हातची होडी ओळखू यायची असे कारागीर. बारीक, काळे, बोलणं मोजकं. आमची जात वेगळी, हे त्यांनी एकदा विचारून घेतलं आणि बाजूला ठेवलं. पण मी खिळ्यांवाचून लाकूड जोडतो, हे काही त्यांना बाजूला ठेवता येईना.

"खिळा नाय, मग कशाने धरतं?"

"सरसाने, काका."

"आणि मधी हे भोक कशाला?"

"आवाज बाहेर यायला."

"आमच्या होडीला भोक पडलं की आवाज बाहेर येतोच. खलाशांचा."

अंगणात सुकट निवडत बसलेल्या बायका हसल्या. मला ते लागलं आणि मी तोंड उघडलं. म्हणालो, काका, माझा सांधा असा बसतो की मुंगीने मिशी घालून बघितली तर मिशी मोडेल. वारा जात नाही तिथून. पाण्याचा थेंब जाणार नाही.

मुलीने दारातून कपाळाला हात लावलेला मला दिसला.

म्हाताऱ्याने विचारलं, "थेंब जाणार नाय?"

"नाही."

"मग पुरी झाली की घेऊन ये. लाकडात हात खरा असेल तर पोरगी देईन. नसेल तर तुझी वाट तुला, माझी मला."

झालं. चौथी गिटार मी अशी केली की तशी पुन्हा कधी झाली नाही. जोडताना सायकलच्या ट्यूबच्या चिंध्यांनी तिला एवढी आवळली की आई म्हणाली, "बाळंतिणीचं पोटसुद्धा कुणी असं बांधत नाय." तारा चढवल्या, वाजवून बघितली, आणि एका रविवारी दुपारी सायकलच्या दांडीवर चादरीत गुंडाळून दांडीला नेली.

तिथे किनाऱ्यावर नवी होडी तयार होती आणि सगळा गाव तिच्याभोवती. होडी पाण्यात लोटण्याआधी त्यांच्यात एक रीत आहे. बायका विहिरीवरून हंडे आणतात आणि होडी आतून पाण्याने भरतात. मग बांधणारा बाहेरून खाली वाकून प्रत्येक सांध्यावरून कोरडा तळवा फिरवतो. जिथे तळवा ओला होईल तिथे खडूची खूण, आणि तिथे परत कापूस ठासून राळ भरायची. समुद्राने बाहेरून शोधण्याआधी आपण आतून शोधायचं, असा हिशेब. काका होडीच्या पोटाखाली सरपटत होते, आणि मी ते मोठ्या कौतुकाने बघत होतो. मूर्ख माणूस कौतुकाने बघतो तेव्हा काय येणार आहे हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

होडी पास झाली. काका बाहेर आले, हात पुसले, गिटार घेतली. उलटी केली, सुलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. मग दोन ओंडक्यांवर तिला आडवी ठेवली, तोंड वर. आणि बायकोला म्हणाले, "अगं, तांब्या आण."

मला वाटलं, माझ्यासाठी. उन्हातून आलो होतो. मी हातसुद्धा पुढे केला.

पहिला तांब्या तारांमधून भोकात गेला तेव्हा माझ्या घशातून जो आवाज निघाला तो अजून कुठल्या वाद्यातून निघालेला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, ती होडी नाय." काका म्हणाले, "थेंब जाणार नाय असं यानेच सांगितलंय." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मी, वाद्यात पाणी घालत नाहीत, असं म्हणालो असतो तर लबाड ठरलो असतो. गप्प बसलो तर गिटार जाणार. मी मुलीकडे बघितलं आणि गप्प बसलो. आयुष्यात मी एवढा वेळ कधी गप्प बसलो नव्हतो.

दोन, पाच, आठ. अकराव्याला पाणी भोकाच्या काठाशी आलं. काकांनी कोरडा तळवा पालथ्या बाजूने, कमरेवरून, मान जोडते त्या टाचेवरून, सगळीकडून फिरवला. तळवा वर करून उन्हात धरला. कोरडा.

"गळत नाय," ते म्हणाले. आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, "पोरगी दिली."

गिटार तशीच भरलेली ठेवून आम्ही चहाला बसलो. काकी बशीत चहा ओतत होत्या. आणि मागून आवाज आला, टंग. कुणी हात न लावता. सगळे वळले. परत एक, टंग. मग तारा ज्यावर टेकतात ती घोडी तोंडावरून सुटली आणि अशी उडाली की चार घरं ओलांडून वाळत घातलेल्या बोंबलांत पडली. सरस म्हणजे शेवटी उकळलेलं कातडं. तो पाण्यापुढे तग धरतो, पण चहा होईपर्यंतच. डावी बाजू कमरेपासून सुटली, पाठ खाली आली, आणि अकरा तांबे पाणी काकांच्या पायावर.

एक आजी म्हणाली, "होडीपेक्षा लवकर बुडली, ती पण जमिनीवर."

मी मुलीकडे बघू शकत नव्हतो. मला पक्कं समजलं होतं: मोजून एका चहापुरतं माझं लग्न टिकलं.

काका उठले. पाण्यातून एकेक तुकडा उचलला. पाठ उलटी करून आतल्या बाजूने बघू लागले. आत बारीक फासळ्या बसवलेल्या असतात, तोंडाला आणि पाठीला ताण सोसायला. बाहेरून त्या कुणालाच दिसत नाहीत. त्यांनी त्यांच्यावर नख फिरवलं. सुटलेली बाजू पाठीवर नुसतीच, सरसावाचून टेकवली, उन्हासमोर धरली आणि एक डोळा मिटला. बराच वेळ धरून ठेवली. मग मला जवळ बोलावलं.

"बघ."

मी बघितलं. सांध्यातून उन्हाची रेघसुद्धा येत नव्हती.

"हे कोण बघणार होतं आत?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"तरी केलंस."

"हो."

त्यांनी तुकडे चादरीत ठेवायला सुरुवात केली. "सरस वाईट, हात वाईट नाय. आणि जिला पाण्यात जायचंच नव्हतं तिला मी पाणी पाजलं, त्यात तुझा काय दोष. तू बोललास जास्ती, तेवढा दोष तुझा."

काकी म्हणाल्या, "शब्द दिलाय तुमी. दहा जणींनी ऐकलाय."

"दिलेला हायच. पण माझ्या हाताने मोडलेली वस्तू मोडकी ठेवून मी मांडवात बसणार नाय. ही परत उभी राहील, मग तारीख."

पुढचे सहा रविवार माझे सासरे सकाळच्या एसटीने उमरोळीला यायचे, काखेत लाकूड तासायला वाकस घेऊन, आणि आमच्या पडवीत कोंबड्यांना सरकवून बसायचे. आमची भांडणं ऐकायला शेजारी यायचे. त्यांना एक तरी तांब्याचा खिळा मारायचा होता, मला नको होता. मी सरस तापवला की ते नाक धरायचे. त्यांनी राळ काढली की मी. पण मला बंबावर पट्टी वाकवताना त्यांनी बघितलं आणि पहिल्यांदाच मला बाजूला केलं. दोन मिनिटांत अशी कंबर काढली की माझी आधीची गिटार तिच्यापुढे बाळंतिणीसारखी वाटली. "होडीची फळी याच्या दसपट जाड," ते म्हणाले, "पण वाकायला लाजते तेवढीच."

एका गोष्टीत ते हटले नाहीत. पाठीच्या आतून त्यांनी मुशी माशाचं वासट तेल चोळलं, होडीला लावतात ते, खाऱ्या वाऱ्यापासून राखायला. मी पाठ फिरवली होती तेवढ्यात. लग्नाच्या दिवशी उमरोळीहून वऱ्हाड निघालं, मी टेम्पोत गिटार वाजवत, आणि मागून मांजरं. कुणी सात सांगतात, कुणी अकरा. मी चाळीस मोजली होती. दांडीच्या मांडवात ती पाहुण्यांच्या आधी जेवायला बसली.

लग्नात सासऱ्यांनी मला एक वस्तू दिली: समुद्रकाठच्या भेंडीच्या झाडाच्या लाकडाचं गोल बूच, गिटारीच्या भोकात नेमकं बसेल असं, दोरीसकट. "पावसाळ्यात लावत जा," म्हणाले.

पुढे नव्वदच्या आसपास पालघर, वाणगावहून पोरं गिटारी करून मागायला लागली, तेव्हा आमची पडवी सगळी माझी झाली होती आणि कोंबड्या इतिहासजमा. किती केल्या ते मी खरं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सांगत नाही. पण प्रत्येकीचा आतला सांधा मी सरसाआधी कोरडाच उन्हासमोर धरून बघितला. बघणारं कुणी नसतं, तरी.

आणि अजूनही नवी गिटार पुरी होऊन बाकावर आली, तारा चढल्या, की बायको आतून पाण्याने भरलेला तांब्या आणते आणि काही न बोलता तिच्या शेजारी ठेवते. मी हातातलं काम टाकतो आणि तो आधी पिऊन टाकतो.