आईचा हिरवट फोटो

ड्रॉवरमध्ये जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची केबल सापडली आणि मी मनाने नागभीडच्या माझ्या जुन्या फोटो स्टुडिओत जाऊन पोचले.

एके दिवशी तिथल्या मॉनिटरच्या पडद्यावर आईचा फोटो गुलाबी दिसत होता, म्हणून मी त्यात हिरवा रंग वाढवत गेले. प्रिंट निघाली ती हिरवीगार! कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रफीकभाऊंनी केबल काढून वाकलेली पिन दाखवली. "बाई, कॉम्प्युटरातलं कार्ड रंगाच्या आकड्यायचा करंट बनवते, केबलमंदी तीन रंगाच्या तीन तारा. हिरवा पडद्यावर अर्धाच पोचून राह्यला होता. फोटो चांगलाच होता, तुम्हीच बिघडवला."

मला रडू आलं. प्रिंट बघून आई मात्र खळखळून हसली. "धानाची रोवणी करू करू मी हिरवं धानच झाली वाटते! राहू दे."

आता आई नाही, भिंतीवर तोच फोटो आहे. मुलगी म्हणते, मोबाइलवर मिनिटात रंग सुधारते. मी हात लावू देत नाही. त्याच हिरव्या चेहऱ्याकडे बघून आई हसली होती.