पप्पांच्या गळ्यातला पेनड्राइव्ह

मंडळी, आज सकाळी अपडेटनंतर घरचा कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर एकच मागणी, रिकव्हरी की, म्हणजे लॉक उघडायचा लांबलचक आकडा, टाका.

पप्पांनी ती की आणि सगळ्या सेटिंग्जचा बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवला होता. हरवू नये म्हणून तो क्रुसाच्याच दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे.

मम्मीला विचारलं, "पेनड्राइव्ह खंय आसा?"

ती म्हणाली, "त्येंच्या गळ्यातच आसा गो."

गेल्या वर्षी शवपेटी बंद करताना तिनेच बजावलं होतं, गळ्यातलं काही काढू नका.

त्यांचे फोटो, त्यांचा आवाज, सगळं आत अडकलंय. दुकानदार म्हणतो, पुसून नव्याने सुरू करू. मम्मी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही.

तुमच्या घरचा बॅकअप कुणाकडे आहे? ते माणूस समोर बसलंय तोवर दुसरी प्रत काढून घ्या.